डोळे उघडायचं काम

माझ्या पदवीच्या कागदावर मराठी साहित्य, इतिहास आणि अर्थशास्त्र एवढेच विषय आहेत. चित्रकला त्यावर नाही. ती मी दर रविवारी सकाळी एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांकडे शिकायला जायची. खरं सांगायचं तर हातात आली ती तेवढीच. त्या हाताने मी एकच काम नीट पुरं केलं, आणि ते आठवलं की भर उन्हाळ्यातही अंगावर काटा येतो.

वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. पहिली दोन वर्षं मी गाडीने सोलापूरच्या कॉलेजला जाऊन-येऊन काढली. पहिल्या तासाला मी कधी वेळेवर पोचले नाही आणि शेवटच्या तासाला कधी थांबले नाही. शेवटी टेंभुर्णीच्या मामाने मध्ये तोंड घातलं. तो आपली तूर-ज्वारी सोलापुरात ज्या अडत्याकडे घालायचा, त्यांच्या बाळीवेशीतल्या घरात माडीवरची खोली रिकामी होती. लिंगायत घर. आपसात कानडी, आल्यागेल्याशी मराठी. मामाने भाड्याचं विचारलं तेव्हा घरच्या बाईंनी हात झाडला.

"भाडं काय करायचंय? घरात पोरीचा आवाज पायजे की."

मला ते ऐकून फार बरं वाटलं. आवाजाला मी कधीच कमी नव्हते. आमची आई म्हणायची, हिला गप्प बसवायचं तर तोंडात भाकरी कोंबावी लागते. त्या बाईंना मी मावशी म्हणू लागले. त्यांची एकुलती मुलगी आदल्या वर्षी तापाने गेली होती, एवढं मामाने कानावर घातलं होतं. ती माझ्याच कॉलेजात, माझ्याच विषयांना, एक वर्ष पुढे होती, हे मला खोलीतल्या फळीवरून कळलं. माझी सगळी क्रमिक पुस्तकं तिथे आधीच लावलेली होती.

"वापर," मावशी म्हणाल्या. "तुलाच लागतील."

त्या पुस्तकांत पेन्सिलीच्या खुणा होत्या. अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्या मागणी-पुरवठ्याच्या धड्याच्या मध्यापर्यंत येत आणि तिथे थांबत. पुढची पानं कोरी करकरीत. मी अभ्यासाला बसले की खुणा असलेली पानं भराभर वाचून व्हायची, जणू कुणी हाताला धरून नेतंय. कोऱ्या पानावर आले की मात्र झोप यायची. मैत्रिणींना मी हे हसत सांगितलं होतं. हसणारी मी एकटीच होते.

सोलापूरची दुपार ज्याने पाहिली नाही त्याला मी सांगून कळायचं नाही. दुष्काळ नुकताच सरला होता, पण ऊन काही सरलं नव्हतं. मिलचा भोंगा वाजून गेला की गल्ली एकदम मुकी व्हायची. दारं लोटलेली, कुत्री गटाराच्या ओलीत पडलेली, आणि घराच्या दगडी भिंतींतून हळूहळू बाहेर येणारी झळ. भुतं रात्री निघतात असं आमच्याकडे म्हणतात. मला विचाराल तर त्यांना दुपारच सोयीची.

अशाच एका दुपारी मावशींनी मला खाली बोलावलं आणि कपाटातून जुन्या इरकलीत गुंडाळलेला एक मोठा केलेला फोटो काढला. फोटोत एक मुलगी मांडी घालून ताठ बसलेली होती. नेसायला चांगली साडी, कपाळभर विभूती, गळ्यात गच्च हार, पाठीमागे फुलांची आरास. डावी भुवई मध्येच तुटलेली. चेहरा शांत, अगदी पूजेला बसल्यासारखा. डोळे तेवढे मिटलेले.

मी म्हणाले, "काढताना नेमके डोळे मिटले बघा हिने. पुन्हा काढून घ्यायचा की."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "मिटलेच हुते," त्या म्हणाल्या. "पुना कसा काढणार?"

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवतात. बसवत नाहीत. लिंगायतांत बसवतात, हार घालतात, बसलेलंच मातीत देतात, आणि त्याआधी तसाच फोटोही काढून ठेवतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. हातातला फोटो खाली ठेवावा की तसाच धरावा ते कळेना. मी मेलेल्या मुलीला डोळे मिटल्याबद्दल बोल लावला होता. मावशी मात्र रागावल्या नाहीत. उलट त्यांना जरा बरंच वाटलं असावं. निदान कुणीतरी तिला जिवंत समजलं होतं.

तिचा दुसरा फोटोच नव्हता. मावशींच्या सासऱ्यांचा समज असा, की फोटो काढला की माणसाचं आयुष्य तेवढं कमी होतं. त्यांनी घरातल्या एकाही पोराला कॅमेऱ्यापुढे उभं केलं नाही. लग्नासाठी दाखवायला काढू, असं मुलीच्या बाबतीत ठरलं होतं, आणि ती ते आज-उद्यावर ढकलत होती. सासरे मात्र गेल्यावर स्वतः फोटोत बसले ते थेट बैठकीच्या भिंतीवर.

गल्लीच्या तोंडाशी फोटोचं दुकान होतं. तो दुकानदार अशा फोटोंचे डोळे उघडून द्यायचा. त्याचा शब्दच तो, डोळे उघडणं. मोठ्या केलेल्या फोटोवर बारीक ब्रशने मिटलेल्या पापण्यांच्या जागी उघडे डोळे रंगवायचे, की माणूस बघता होतो. पण त्याला डोळे एकच जमायचे. बैठकीत सासरे, एक चुलत जाऊ आणि मावशींचे थोरले दीर ओळीने लावलेले होते, आणि तिघांचे डोळे तेच ते, गोल, किंचित घाबरलेले. पहिल्यांदा पाहिल्यावर मला हसू फुटलं होतं. मग संध्याकाळी बैठकीतून एकटी जाताना ते तिघं एकाच नजरेने माझ्यामागे जिन्यापर्यंत आले, आणि हसू जिरलं.

"माज्या पोरीला सासऱ्याचे डोळे नकोत," मावशी म्हणाल्या. "तू चित्रं काढतीस. तू उघड. वर्ष भरायच्या आत उघड."

मी टाळलं. मी तिला पाहिलेलंच नाही, म्हणाले. तिचे डोळे कसे होते ते तुम्ही सांगा, मी काढते.

मावशी पदर तोंडाला लावून भिंतीला टेकून बसल्या. "तेच तर आठवंना," त्या म्हणाल्या. "नाक आठवतं. पाय आठवतात. चालायची कशी, हाक मारायची कशी, समदं आठवतं. डोळं आठवंनात बाई. आता फोटोत बगते तर मिटल्यालेच दिसतात, सपनात येती तर मिटूनच येती. आईला पोरीचं डोळं आठवू ने? असं कुटं असतं का?"

मला रडू आलं. मी हो म्हणाले.

आता काढायचे कसे? इतिहासाची विद्यार्थिनी, तेव्हा म्हटलं साक्षी गोळा कराव्यात. मुलीच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "डोळ्यासारखे डोळे की." मग बराच वेळ विचार करून, "मोठे होते." भाऊ म्हणाला, छे, बारीकच. पण काळेभोर. शेजारची विणकराची मुलगी तेलुगू घरातली, तिच्याबरोबर लहानपणापासून खेळलेली. ती म्हणाली, तपकिरी, आणि खाली बघून बोलायची. कॉलेजातली एकजण म्हणाली, कायम समोरच्याच्या तोंडाकडे बघायची, आपल्यालाच लाजायला व्हायचं. वर्गात मी इतिहासाच्या सरांना विचारलं, पाहिलेल्या माणसांच्या साक्षी एकमेकींशी जुळत नसतील तर काय करावं? सर म्हणाले, जुळत असतील तर संशय घ्यावा. वर्ग हसला. माझं काम काही पुढे सरकलं नाही.

अर्थशास्त्राच्या सरांनी त्याच आठवड्यात पाण्याचं उदाहरण दिलं. जे मुबलक असतं त्याचं मोल कळत नाही, जसं पाणी. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, सोलापुरात दुसरं उदाहरण बघा." मला मात्र ते बरोबर लागलं. वीस वर्षं ते डोळे त्या घरात सकाळ-संध्याकाळ फिरत होते. कोण कशाला निरखून बघेल?

साहित्यात तर डोळ्यांना तोटा नाही. हरिणीचे आहेत, कमळासारखे आहेत, पाणीदार आहेत, काळजाला भिडणारे आहेत. ब्रश हातात घेऊन बसा आणि यातला एक तरी काढून दाखवा! तीन वर्षं ज्या ओळी मी मान डोलावून पाठ केल्या, त्यांतली एकही पापणीइतकी उपयोगी पडली नाही. ड्रॉइंग मास्तर तेवढे कामाचं बोलले. डोळा म्हणजे आधी खोबण, मग गोळा, म्हणाले. आणि जिवंत दिसतो तो त्यातल्या पांढऱ्या ठिपक्याने. तो ठिपका म्हणजे समोरची खिडकी. खिडकी कुठे आहे ते आधी ठरव.

खोलीत खिडकी एकच होती, गल्लीकडची. मी तिच्यासमोर पाट मांडला, फोटो टेकवून ठेवला, रंग कालवले आणि दुपारभर नुसती बसून राहिले. मिटलेल्या पापण्यांवर ब्रश टेकवायला हात धजेना. झोपलेल्याला हलवायला जावं आणि ते कूस बदलेल असं वाटावं, तसं होत होतं. वर्ष भरायला थोडेच दिवस राहिले होते.

जिन्यावर पावलं वाजली. मावशी वर आल्या. हातात स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा आरसा होता, लाल चौकटीचा, कोपऱ्यात पारा उडालेला. खिडकीच्या कडेला उभं राहून त्यांनी तो माझ्या तोंडापुढे धरला.

"तुजंच बघून काढ."

"माझे डोळे तिच्यासारखे आहेत का?"

"मला कुटं म्हाईत हाय?" मावशी म्हणाल्या. "पण उगडे हायेत की."

मी काढले. मावशींनी हात अवघडला तरी आरसा हलू दिला नाही. मी आरशात बघायची, फोटोवर ब्रश टेकवायची, पुन्हा आरशात. थोड्या वेळाने आपण कुणाकडे बघून कुणाचं काढतोय याचा मेळ सुटला. एकदा वर पाहिलं तर आरशातली मी मला तुटक्या भुवईची दिसली. मी घाईने आपल्या भुवईला हात लावला. भुवई धड होती, बोटाला रंग तेवढा लागला होता. शेवटी बाहुल्यांत खिडकीचा पांढरा ठिपका दिला. आरशात दिसत होता तसाच दिला. त्या पांढऱ्यात एका कडेला केसाएवढी काळी रेघ होती. ती खिडकीपाशी उभ्या असलेल्या मावशी होत्या.

ठिपका पडला आणि ती बघू लागली. दुसरं कसं सांगू? दुपारभर समोर एक फोटो होता, आणि आता खोलीत आम्ही तिघी होतो.

मावशींनी आरसा खाली ठेवला, वाकून पाहिलं आणि कानडीत एवढंच म्हणाल्या, "बंदळू." म्हणजे, आली.

वर्षाच्या दिवशी तसबीर बैठकीत लागली, सासऱ्यांपासून जरा लांब. अक्कलकोटकडचे पाहुणे आले होते. सगळ्यांनी एका तोंडाने सांगितलं, अगदी तीच! मी ताटं वाढत फिरत होते, आणि माझ्या कानांवर विश्वास बसेना. ज्या भावाला बारीक डोळे आठवत होते तो म्हणाला, "रागावली की असंच बघायची." वडील म्हणाले, लहानपणी ताप आला तेव्हा रात्रभर याच डोळ्यांनी बघत पडली होती. शेजारची ती विणकराची मुलगी म्हणाली, अशीच समोर बघून बोलायची. एकेकाला एकेक गोष्ट आठवत गेली. प्रत्येक गोष्टीत ते डोळे होते, आणि ते डोळे माझे होते. साक्षी सगळ्या जुळल्या. सरांचं वाक्य आठवलं, आणि मी वाढायचं भांडं घेऊन तशीच स्वयंपाकघरात परत गेले.

त्यानंतर मावशी सुधारल्या. वेळेवर जेवू लागल्या, कडक भाकऱ्यांची चवड करू लागल्या, शेंगाचटणी कुटताना गुणगुणू लागल्या. स्वप्नात ती आता डोळे उघडून येते, म्हणायच्या. एक गोष्ट मात्र बदलली. जेवताना त्या माझ्याशी बोलायच्या आणि तसबिरीकडे बघायच्या. "भाजी घे की," असं मला म्हणायच्या, तिच्याकडे बघून. हळूहळू मलाही सवय लागली. त्या काही बोलल्या की मीसुद्धा आधी भिंतीकडे बघायची, ती काय म्हणते ते पाहायला. माडीवर गेल्यावर आरशात बघणं मी सोडून दिलं. वेणी चाचपून घालायची. मैत्रिणी म्हणाल्या, तू हल्ली बोलत का नाहीस? ज्या घरी मला आवाजासाठी ठेवून घेतलं होतं, त्या घरात माझा आवाजच बसला होता. मला भीती वाटत होती, सरळ भीती, आणि ती सांगण्यासारखं कुणी नव्हतं. परीक्षा झाल्या तशी मी पेटी उचलली. निघताना मावशींनी मला जवळ घेतलं, पण "येत जा" म्हणताना बघितलं भिंतीकडेच.

कुर्डुवाडीच्या शाळेत मला नोकरी लागली. दोन-तीन वर्षं गेली असतील. एका कागदासाठी कॉलेजात जावं लागलं तेव्हा इतिहासाचे सर भेटले. ते विभागातलं कपाट आवरत होते. जुन्या सहलींचे फोटो टेबलावर पसरलेले. नळदुर्गच्या किल्ल्यावरचा एक त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"तू ज्यांच्या घरी राहायचीस त्यांची मुलगी. ही बघ."

बुरुजावर पोरापोरींचा घोळका होता. कडेला एक मुलगी उभी, डोक्यावर रुमाल, तोंड भरून हसणारी. ऊन थेट तोंडावर, म्हणून डोळे किलकिले केलेले. बारीक, हसरे, जरा आगाऊ डोळे. डावी भुवई मध्येच तुटलेली. घरी न सांगता ती फोटोत उभी राहिली असणार.

मला एवढा आनंद झाला की मी सरांकडून तो फोटो जवळजवळ हिसकूनच घेतला. इतिहासाच्या भाषेत अस्सल साधन हाती आलं होतं. पण खरा आनंद वेगळाच होता. आता ती तिचे डोळे घेईल, आणि माझे मला परत मिळतील, असं मला वाटलं. उन्हाचीच मी बाळीवेशीत गेले. भोंगा नुकताच होऊन गेला होता. दार लोटलेलं होतं. मावशी बैठकीत तसबिरीखाली शेंगा सोलत बसल्या होत्या. केस बरेच पिकले होते. मला बघून हसल्या, पाणी दिलं, आणि तांब्या परत घेताना बघितलं भिंतीकडे.

मी काहीच प्रस्तावना केली नाही. फोटो त्यांच्या हातात दिला आणि बुरुजाच्या कडेला बोट ठेवलं.

मावशींनी शेंगांची टोपली बाजूला सारली, फोटो उजेडाला धरला. खूप वेळ पाहिलं.

"कोण गं ही?"

"नीट बघा, मावशी. भुवई बघा."

त्यांनी फोटो अगदी जवळ नेला. "आगं व्हय की! हिचीबी तुटलीय," त्या म्हणाल्या. आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं. "तुजी मैतरीण का? हसती कशी बग. लई गोड हाय पोरगी. घरी आण की एकदा, आमच्या हिला बघून जाईल." त्यांनी मान वर केली. तसबिरीतून माझे डोळे आम्हा दोघींकडे बघत होते, आणि त्यांतल्या पांढऱ्या ठिपक्यात ती काळी रेघ अजून उभी होती.

ज्या बाईला पोरीचे डोळे आठवत नव्हते म्हणून ती भिंतीला टेकून रडली होती, तिला आता दुसऱ्यांदा कुणी आणि कशासाठी रडवायचं?

"आणते," मी म्हणाले. फोटो पर्समध्ये ठेवला आणि चपला घातल्या.

मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तेव्हा मावशींनी मागून हाक मारली. या वेळी त्या माझ्याकडेच बघत होत्या, जरा दटावल्यासारख्या.

"आणि अशी उन्हात उभी करू नका गं तिला. डोळं बगितलंस का, किती बारीक केलेत पोरीनं."